आदल्या संध्याकाळचा भाव

शेतकरी बंधूंनो, सोयाबीनची मळणी झाली, ट्रॉली भरली, ताडपत्री बांधली की तुमच्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो. आज काय भाव निघणार? या प्रश्नाचे उत्तर घरी मिळत नाही. बाजार समितीच्या आवारात ट्रॉली उभी राहून लिलाव पुकारला जाईपर्यंत ते मिळत नाही. आणि मिळते तेव्हा परत फिरायची सोय उरलेली नसते. भाडे चढलेले असते, घरी देणेकरी वाट पाहत असतात, आभाळ भरून आलेले असते. मग जो निघेल तो भाव घ्यायचा आणि पट्टी खिशात घालून घरची वाट धरायची.

हल्ली मेळाव्यांतून ‘पुरवठा साखळी’ हा शब्द वारंवार कानावर येतो. कंपनीची माणसे बोलतात, बँकेचे साहेब बोलतात, कृषी खात्याचे अधिकारीही बोलतात. शब्द जड असला तरी गोष्ट साधी आहे. तुमच्या धुऱ्यापासून कारखान्याच्या दारापर्यंत तीन गोष्टींचा प्रवास चालतो. माल इकडून तिकडे जातो, पैसा तिकडून इकडे येतो आणि माहिती या दोघांच्या पुढे धावते. भाव काय, माल किती, ओलावा किती, गाडी कधी येणार, ही ती माहिती. ज्याच्या हाती माहिती आधी पडते, त्याच्या पदरात पैसा जास्त पडतो. मोठ्या कंपन्या साखळी सांभाळण्यासाठी संगणकाची व्यवस्था बसवतात, ती मुख्यतः या माहितीसाठीच.

अशीच एक व्यवस्था सन २००० मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी बसवली गेली. बसवणारी कंपनी होती कोलकात्याची आयटीसी आणि व्यवस्थेचे नाव ‘ई-चौपाल’. या गोष्टीला आता पंचवीस वर्षांवर काळ लोटला. कौतुकाचा धुरळा खाली बसला, टीकाही होऊन गेली. म्हणूनच आज तिच्याकडे शांतपणे पाहता येते आणि आपल्या कामाचे तेवढे निवडून घेता येते.

कंपनीचे दुखणे काय होते?

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. कंपनी धर्मादाय करायला खेड्यात आली नव्हती. तिचे स्वतःचे दुखणे होते. सोयाबीन घ्यायचे, गाळून तेल वेगळे काढायचे आणि उरलेली पेंड परदेशी पाठवायची, असा धंदा. सोयाबीनमध्ये तेल साधारण अठरा ते वीस टक्के, बाकी मुख्य माल म्हणजे पेंड. परदेशच्या बाजारात भाव आपल्या हातात नसतो. तेव्हा नफा काढायचा तर खरेदीतूनच काढावा लागतो.

आणि खरेदी तर अडत्यांच्या हाती. दिवसभरात मंडीत सोयाबीन कमी-जास्त भावाने विकले जाई. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. मधला माणूस स्वस्तात मिळेल तो माल स्वस्तात घेई आणि कंपनीला हिशेब मात्र चढ्या भावाने देई. शेतकऱ्याला वाटे कंपनी लुटते, कंपनीला वाटे शेतकरी महाग विकतो. दोघांची कधी भेटच होत नसे. शिवाय चांगला आणि खराब माल एकाच ढिगात मिसळला जाई. ज्याने माल चाळून, वाळवून आणला त्यालाही तोच भाव आणि ज्याने मातीसकट आणला त्यालाही जवळपास तोच. मग चाळायचे कष्ट कोण घेणार?

मंडीतले हाल तर तुम्हाला सांगायलाच नकोत. रांग, रात्रीचा मुक्काम, पोती भरण्याची मजुरी, सांडलवंड, तराजूच्या दांडीवरची हातचलाखी आणि पैशासाठी ‘उद्या या, परवा या’. भाव ठरल्यानंतर तोलाईला वेळ लागला की शेतकरी अडकलाच. भाव गेला, वजनही गेले आणि रोख रक्कमही लांबली.

संगणकाआधी माणूस शोधला

कंपनीच्या शेतीमाल विभागाचे प्रमुख एस. शिवकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की माहितीच थेट गावात न्यायची. त्यासाठी गावात संगणक बसवायचा. पण कुठे? सरकारी इमारतीत नाही, कंपनीच्या कचेरीतही नाही. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी. या शेतकऱ्याला त्यांनी ‘संचालक’ म्हटले. आपल्याकडे संचालक म्हटले की साखर कारखान्याचा डायरेक्टर डोळ्यांसमोर येतो, पण इथे अर्थ एवढाच की चौपाल चालवणारा. थोडा शिकलेला, स्वतः शेती करणारा, गावात शब्दाला वजन असलेला, पण गावाला दाबून ठेवणारा धनदांडगा नव्हे, असा माणूस त्यांनी हुडकला. त्याला गावासमोर शपथ घ्यायला लावली की ही सोय मी सर्वांसाठी चालवीन. त्याच्यामार्फत जो माल कंपनीला जाईल, त्यावर त्याला अर्धा टक्का कमिशन ठरले.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी या जागी थोडे थांबावे. आपल्याकडे योजना आली की आधी यंत्र येते, मग कोनशिला बसते आणि यंत्र चालवणारा माणूस शेवटी शोधला जातो. तो नाही सापडला तर यंत्रावर धूळ चढते. इथे क्रम उलटा होता, आणि निम्मे यश त्या उलट्या क्रमात होते.

अडचणी कमी नव्हत्या. वीज दिवसातून कितीदा जाई त्याला सुमार नाही. म्हणून बॅटरी आणि सौर तावदाने बसवावी लागली. टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचे काम धड चालेना, म्हणून छपरावर उपग्रहाची तबकडी लावावी लागली. माहितीची भाषा इंग्रजी ठेवून भागणार नव्हते, ती हिंदी करावी लागली. आणखी एक अडचण कायद्याची. माल मंडीबाहेर विकता येत नव्हता. त्यासाठी राज्य सरकारकडून परवानगी मिळवावी लागली आणि मंडीचा कर भरणेही कंपनीने चालू ठेवले. ऐकायला सोपे वाटते, पण संगणकाची आज्ञावली लिहिण्यापेक्षा ही कामेच जास्त जिकिरीची असतात.

व्यवहार चालायचा कसा?

दुसऱ्या दिवशीचा खरेदीचा भाव आदल्या संध्याकाळीच संचालकाच्या संगणकावर येई. आसपासच्या मंड्यांचे भावही त्याच ठिकाणी दिसत. शेतकरी मालाचा नमुना घेऊन संचालकाकडे जाई. संचालक माल पाहून ‘एवढा भाव मिळेल’ अशी चिठ्ठी करून देई. पटले तर शेतकरी ट्रॉली घेऊन कंपनीच्या खरेदी केंद्रावर जाई, नाही पटले तर मंडीचा रस्ता मोकळा. बंधन कसलेही नव्हते.

केंद्रावर मालाची तपासणी होई. मग ट्रॉली वे-ब्रिजवर चढे. भरलेल्या ट्रॉलीचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन, वजाबाकी तुमच्या डोळ्यांदेखत. पोती भरायला नकोत, दांडी नको. पैसे तिथल्या तिथे आणि पूर्ण. शिवाय ट्रॉलीचे भाडेही कंपनीकडून.

तपासणीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत तेलाचा टक्का काढणे कंपनीला अवघड नव्हते. पण त्यावर शेतकऱ्याचा भाव कापायचा नाही, असे ठरले. का? तर जी तपासणी शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही, तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या फसवला गेलेला माणूस बंद खोलीतल्या यंत्रावर भरवसा कसा ठेवणार? म्हणून कट्टी फक्त दोन गोष्टींची, काडीकचरा-माती आणि ओलावा. कचरा शेजारच्याच्या मालाशेजारी ठेवला की दिसतो. आणि ओल म्हणाल, तर दाणा दाताखाली धरला की शेतकऱ्याला आपोआप कळते. व्यवस्था कितीही आधुनिक असो, ती शेवटी शेतकऱ्याच्या दाताला पटावी लागते, हा धडा लाखमोलाचा आहे.

ओलाव्याचा हिशेब घरीच करा

आता ओलाव्याचा विषय निघालाच आहे, तर एक गणित मांडून ठेवतो. कुणी कट्टी सांगितली तर ती बरोबर की चूक हे तुम्हाला पडताळता यायला हवे. समजा तुमचे सोयाबीन २० क्विंटल भरले आणि ओलावा १४ टक्के निघाला. म्हणजे त्यात पाणी २ क्विंटल ८० किलो आणि कोरडा माल १७ क्विंटल २० किलो. खरेदीदाराला हवा आहे १० टक्के ओलाव्याचा माल. १७.२० ला ०.९० ने भागा. उत्तर येते १९ क्विंटल ११ किलो. म्हणजे वाजवी घट झाली सुमारे ८९ किलो. कुणी याहून जास्त कापत असेल तर विचारा, ‘बाबा रे, हा आकडा आणला कुठून?’ आणि कुणी ‘नुसते ओले आहे’ म्हणून भावच दोनशे रुपयांनी पाडत असेल, तर तोही आकडा याच हिशेबाशी ताडून बघा.

हेही खरे की ओला माल नेला तर पाण्याचे पैसे कुणी देणार नाही. दोन ऊन दिले आणि चाळणी मारली तर कट्टीचे निम्मे भांडण घरीच मिटते.

अडत्याचे काय, हमालाचे काय?

अशी व्यवस्था आली की मधल्यांचे काय होते, हा प्रश्न रास्त आहे. अडत्यांना कंपनीने बाजूला सारले नाही, पोटात घेतले. त्यांना ‘संयोजक’ केले. गावांची ओळख, मालाची पारख, रोकड हाताळणे, गोदाम आणि गाडीची सोय, ही कामे त्यांना येत होती आणि कंपनीला येत नव्हती. नवीन गावांत संचालक निवडायलाही त्यांची मदत झाली. त्यांचे जुने काम गेले, नवे कमिशन आले. काही खूश होते, काही नाखूश.

हमालांची गोष्ट मात्र वेगळी. पोती भरणे, उचलणे, तोलणे यांवर ज्यांचे पोट, त्यांना वे-ब्रिजने काही दिले नाही. जेवढा माल थेट केंद्रावर गेला, तेवढी मंडीतली हमाली बुडाली. मंडीच्या दारातल्या चहावाल्याचा, दुकानदाराचा धंदाही तेवढा कमी झाला. शेतकऱ्याच्या वाचलेल्या पैशात कुणाची तरी मजुरी होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. नवी व्यवस्था आणताना हमाल-मापाड्यांना नवे काम कोणते, हे आधी ठरवले नाही तर बाजारात तंटा उभा राहतोच.

भाव मंडीतलाही चढला

आता सर्वांत मोलाची गोष्ट. जे शेतकरी कंपनीकडे गेलेच नाहीत, मंडीतच विकत राहिले, त्यांचे काय झाले? अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशातल्या मंड्यांच्या २००० ते २००५ या काळातल्या भावांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या भागात ही केंद्रे आली, तिथे मंडीतलाही सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी वर गेला, असे त्यांना आढळले. मंडी-मंडीतल्या भावांमधला फरकही कमी झाला.

एक-तीन टक्के म्हणजे काय मोठे, असे म्हणू नका. भाव क्विंटलला चार हजार धरला, तर एक टक्का म्हणजे चाळीस रुपये. वीस क्विंटलला आठशे रुपये, तेही काही न करता. मंडीतल्या व्यापाऱ्याला कळून चुकले होते की समोरच्या माणसाला भाव माहीत आहे आणि त्याला दुसरीकडे जाता येते. एवढ्यानेच बोली वर सरकली.

पण या निष्कर्षाची दुसरी बाजू पाहा. कंपनी आपला भाव कशावरून ठरवत होती? आसपासच्या मंड्यांच्या भावावरूनच. म्हणजे मंडी जिवंत होती म्हणून कंपनीचा भाव नेमका होता आणि कंपनी आली म्हणून मंडीचा भाव सुधारला. एकीने दुसरीला धाक दाखवला. उद्या मंडी बंद पडली तर कंपनी भाव कशाशी ताडणार? आणि कंपनी गेली तर मंडी पुन्हा जुन्या वळणावर जाणार नाही कशावरून? शेतकऱ्याचे हित एकाच दारात नाही, दोन्ही दारे उघडी राहण्यात आहे. २०२० च्या कृषी कायद्यांवरून देशभर जे रणकंदन झाले आणि २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले गेले, त्या वादाच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

पुढे काय झाले?

ही केंद्रे मध्य प्रदेशाबाहेर गेली. उत्तर प्रदेशात गव्हासाठी, आंध्रात कोळंबीसाठी, कर्नाटकात कॉफीसाठी आणि आपल्या महाराष्ट्रात सोयाबीन-कापसासाठी. २००४ मध्ये भोपाळजवळच्या सीहोर इथे खरेदी केंद्रालाच जोडून शेतकऱ्यांसाठी मोठे दुकान निघाले. माल विकायला आलेल्याने तिथूनच बियाणे, घरसामान घेऊन जावे अशी कल्पना. २००७ च्या सुमारास केंद्रांची संख्या सहा हजारांवर गेली, पण नंतर वाढ थबकली. राज्याराज्यांचे बाजार कायदे वेगळे, परवानग्या वेगळ्या. त्यातच मोबाइल खिशाखिशात आला आणि भाव पाहण्यासाठी कुणाच्या ओसरीवर जाण्याची गरज उरली नाही. २०२२ मध्ये कंपनीने शेतकरी उत्पादक कंपन्यांना जोडून घेणारी मोबाइलवरची नवी व्यवस्था सुरू केली.

मधल्या काळात सरकारही हलले. महाराष्ट्राने २००६ मध्ये बाजार समिती कायद्यात दुरुस्ती करून थेट खरेदीचे परवाने आणि खाजगी बाजार यांना वाट दिली. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्राचा ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय बाजार सुरू झाला. म्हणजे आदल्या संध्याकाळचा भाव कळणे ही आज नवलाई राहिलेली नाही. लातूरचा भाव वाशिमच्या शेतकऱ्याला बसल्या जागी कळतो.

मग अडले कुठे? भाव कळतो, पण काटा तोच, कट्टी तीच आणि पैशासाठी चकरा त्याच. मध्य प्रदेशातली साखळी चालली ती नुसत्या संगणकामुळे नव्हे. आगाऊ भाव, खरे वजन, रोख पट्टी आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक, या चार कड्या एकत्र आल्या म्हणून ती चालली. यातली एक जरी निखळली तरी तोच संगणक फक्त कंपनीच्या सोयीचा होतो, शेतकऱ्याच्या नाही.

तुमच्या गावात कंपनी आली तर

आज ना उद्या तुमच्या गावात कुणीतरी मोबाइलवरची व्यवस्था घेऊन येईलच. त्याला हाकलू नका, पण भारावूनही जाऊ नका. चावडीवर बसवून, चहा पाजून, पुढील गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट, भाव कधी कळणार आणि तो किती वेळ टिकणार? सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी ट्रॉली पोचल्यावर बदलणार असेल तर त्या भावाला अर्थ नाही. दुसरी, वजन कुठल्या काट्यावर? त्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का आणि भरल्या-रिकाम्या दोन्ही वजनांची पावती हातात मिळणार का? तिसरी, कट्टी कशाकशाची? तक्ता छापील द्या आणि मोजणी आमच्यासमोर करा. चौथी, पैसे किती दिवसांत? ‘लवकरच’ हे उत्तर नव्हे, तारीख हवी. पाचवी, माल नाकारला तर परतीचे भाडे कोणाच्या डोक्यावर? सहावी, आमच्या सात-बाराची, पिकाची, मोबाइलची जी माहिती तुम्ही घेता, ती आणखी कुणाला देणार? आणि सातवी, आम्ही दुसरीकडे विकायला मोकळे आहोत का? कागदावर सही करण्याआधी हे कलम दोनदा वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्या.

ग्रामपंचायत, विकास सोसायटी आणि शेतकरी गट यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. गावात एक ओलावा मापक यंत्र आणि एक खात्रीचा काटा असला, तर ट्रॉली हलण्याआधीच मालाचे खरे वजन आणि ओल कळते. मग समोरच्याच्या काट्यात खोट असेल तर ती लगेच पकडता येते. चावडीवर रोजचे तीन-चार बाजारांचे भाव लिहिणारा एक फळा आजही उपयोगी आहे, कारण गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे मोबाइल नसतो.

आणि ‘नको’ म्हणायला बळ लागते, ते घरात पैसा असला तरच येते. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या समितीत ती चालू आहे का, याची चौकशी करा. नसेल तर का नाही, हे सभेत उठून विचारा.

कंपनी मोठी असो की लहान, ती तिच्या फायद्याचे पाहणार, त्यात गैर काही नाही. तुम्हीही तुमचे पाहा. मोठ्या कंपन्या साखळीतली एकेक कडी तपासायला पगारी माणसे ठेवतात. आपली कडी आपल्यालाच तपासावी लागेल. येत्या हंगामात ट्रॉली भरण्याआधी एवढे करा. दोन बाजारांचा भाव विचारा, दाणा दाताखाली धरून पाहा आणि वजनाची पावती घेतल्याशिवाय काट्यावरून खाली उतरू नका.